मानाची वायर

एका जंगलात एकच ट्रक होता. जंगलात ट्रक कुठून आला, असं विचारू नका. ज्या मुलांना सुरुवातीलाच प्रश्न पडतात, त्यांची गोष्ट लांबते.

ट्रक जुना होता, पेट्रोलवर चालणारा. वर्षातले अकरा महिने तो करंजाच्या झाडाखाली उभा असे आणि त्याच्या टपावर रानकोंबड्या बसत. बाराव्या महिन्यात मात्र त्याला काम असे. उन्हाळा कडक झाला की कातळावरचं तळं आटायला लागायचं. मग तळ्यातले मासे पिंपांत भरायचे, पिंपं ट्रकवर चढवायची आणि सुईखिंडीचा चढ ओलांडून मासे पलीकडच्या बारमाही नदीत सोडायचे. पावसाळ्यात ओढा वाहू लागला की मासे आपले आपण परत येत. पण उन्हाळ्यात जाताना त्यांना ट्रक लागे. मासे चालत जाऊ शकत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जंगलाच्या समितीला ते दर वर्षी नव्याने सांगावं लागे.

ट्रक चालवायचं काम अस्वलदादाकडे होतं आणि ट्रक चालता ठेवायचं काम साळूबाईकडे. साळूबाई म्हणजे साळिंदर. ती कमी बोलायची. तिची निम्मी हत्यारं तिच्या अंगावरच असत. एक काटा पेट्रोलची नळी साफ करायला, एक काटा प्लगच्या टोकाची फट मोजायला, आणि उरलेले काटे सल्ला द्यायला येणाऱ्यांसाठी.

प्लग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. या ट्रकच्या इंजिनाच्या पोटात सहा खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत पेट्रोल यायचं आणि प्रत्येक खोलीच्या छपराला एक प्लग होता. प्लग ठिणगी टाकतो, पेट्रोल पेटतं, ट्रक पुढे जातो. ठिणगी येते वायरीतून. सहा प्लग, सहा वायरी. ज्याची वायर त्यालाच लावायची, कारण प्रत्येकाची ठिणगी पडायची वेळ ठरलेली असते. एवढंच. समितीला यातलं एवढंही माहीत नव्हतं.

जुने प्लग झिजले होते. साळूबाईने दोन उन्हाळे अर्ज केले. तिसऱ्या उन्हाळ्यात सहा नवे प्लग आले, सहा चकचकीत डब्यांत.

आता समितीतही सहाच जण होते. गवासाहेब अध्यक्ष. त्यांच्या खालोखाल तरस, मग सांबर, मग चिटणीस कोल्हा, मग रानडुक्कर आणि शेवटी मोर. प्लग सहा आणि मान्यवर सहा, हा योग कोल्ह्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्याने लगेच 'प्लगार्पण सोहळा' जाहीर केला. प्रत्येक मान्यवराच्या शुभहस्ते एकेक प्लग बसणार होता. कोण कितव्या प्लगपाशी उभा राहणार, हे ठरवायला चार बैठका झाल्या.

साळूबाई चिटणीसांना भेटून म्हणाली की प्लग एका वेळी एकच बदलायचा असतो. एक जुना काढायचा, त्या जागी नवा बसवायचा, त्याची वायर लगेच लावायची, मगच दुसऱ्याला हात घालायचा. म्हणजे वायरी चुकत नाहीत.

"म्हणजे एकाचं होईस्तोवर पाच मान्यवरांनी उन्हात ताटकळायचं?" कोल्ह्याने विचारलं. "आणि टाळ्या सहा वेळा वाजवायच्या? लोक कंटाळतील, बाई."

तेव्हा सहाही प्लग एकदम बदलायचे ठरले. साळूबाईने आदल्या दिवशी प्रत्येक वायरीला गवताच्या काडीने गाठी मारून ठेवल्या. पहिल्या वायरीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा सहापर्यंत. आता आंधळी घूससुद्धा चुकणार नाही, असं तिला वाटलं. पण समिती आंधळी नव्हती. तिला रंग दिसत होते.

सोहळ्याच्या दिवशी सहाही प्लग बसले. साळूबाईने मागून प्रत्येक प्लग पान्याने एकेकदा आवळून घेतला, कुणाला दिसणार नाही असा. मग वायरी लावायची वेळ आली. पहिला प्लग गवासाहेबांचा. एका गाठीची वायर त्यांच्या पुढ्यातच होती. पण ती तेल ओतायच्या तोंडाजवळची, म्हणून तेलकट आणि काळपट. चार गाठींची वायर मात्र गेल्याच वर्षी बदललेली होती. लालभडक.

गवासाहेबांनी आपल्या वायरीकडे पाहिलं. "ही कुणीतरी वापरलेली दिसते," ते म्हणाले. आणि त्यांनी हात लांब करून चिटणीसांच्या पंजातली लाल वायर काढून घेतली.

क्षणापूर्वी कोल्ह्याच्या पंजात वायर होती, आता नव्हती. चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच होतं. त्याने मुकाट्याने तेलकट वायर घेतली, आपल्या चौथ्या प्लगला लावली आणि पंजा मोराच्या पिसाऱ्याला पुसला, मोराच्या नकळत.

हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे तिथे जितके डोळे होते तितक्यांनी. साळूबाईने बोलायला तोंड उघडलं. चिटणीसांनी त्या उघड्या तोंडात पेढा ठेवला. पेढा संपेपर्यंत बॉनेट बंद झालं, त्याभोवती रेशमी फीत बांधली गेली, आणि फितीवर 'शुभहस्ते' लिहिलेली पाटी लागली.

अस्वलदादाने ट्रक सुरू केला.

धड, धड, फट्. धड, फट्, धड.

ट्रक जागच्या जागी थरथरू लागला. आरसा इतका हलायला लागला की अस्वलदादाला आरशात दोन अस्वलं दिसली, आणि दोन्ही घाबरलेली. टपावरच्या कोंबड्या एकेक करून खाली पडल्या. पाय दाबला की इंजिन कसंबसं सावरायचं. पाय काढला की हिवताप भरल्यासारखं पुन्हा थरथर. मध्येच सायलेन्सरमधून फट्.

"मिसिंग करतोय," अस्वलदादा म्हणाला. म्हणजे सहांतले काही प्लग वेळेवर ठिणगी टाकत नव्हते.

तरीही मासे भरले. ट्रक सुईखिंडीच्या पहिल्या वळणापर्यंत गेला, तिथे त्याचा दम गेला आणि तो उलटा घरंगळत खाली आला. पिंपातलं निम्मं पाणी रस्त्यावर सांडलं. मासे पुन्हा तळ्यात ओतले.

तळ्यात रोहूताई होती. तिला त्या वर्षी दोनशे पिल्लं झाली होती. तिने पाण्याची ओल कुठवर आहे ते पाहिलं आणि सांगितलं की आठ दिवस जातील, नववा जाणार नाही.

साळूबाई थेट चिटणीसांकडे गेली. "पहिली आणि चौथी वायर उलटसुलट लागलीय. दोन मिनिटांचं काम आहे."

"लागलीय म्हणजे? आपोआप लागली?"

"नाही."

"मग कुणी लावली?"

साळूबाईने मागे वळून गवासाहेब कुठे आहेत ते पाहिलं.

"बघा, तुमच्याच्याने नाव घेववत नाही," कोल्हा म्हणाला. "मग बिघाड तिथे कसा असेल?"

त्याच संध्याकाळी शोध समिती नेमण्यात आली. तिच्यात सहा सदस्य होते. तुम्ही ओळखलेले तेच. पहिला ठराव असा झाला की ट्रकची कसून तपासणी करावी, फक्त बॉनेटखाली पाहू नये. तिथलं काम शुभहस्ते झालेलं आहे, तेव्हा ते बरोबरच आहे. आणि फीत सोडायची तर ज्यांनी बांधली त्या साहेबांनाच बोलवावं लागेल. साहेबांना बोलवायचं तर कारण सांगावं लागेल. म्हणून तो विषयच नको.

पहिल्या दिवशी रानडुकराने चाकांवर संशय घेतला. चारही चाकांतली हवा काढून दुसरी हवा भरली. फट्, धड, फट्.

दुसऱ्या दिवशी मोराच्या सांगण्यावरून सगळं पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं. त्यात एक मुंगळा निघाला. त्याची जबानी झाली. तो म्हणाला, मी आत्ताच पडलो. तरी त्याला ताकीद देण्यात आली.

तिसऱ्या दिवशी तरस म्हणाला की थरथर ट्रकची नसून चालकाची असावी, एवढं मोठं अंग हललं की काहीही हलतं. म्हणून अस्वलदादाला खाली उतरवून ट्रक सुरू ठेवला. ट्रक जास्तच हलला. अस्वलदादाचा मध तरीही खबरदारी म्हणून बंद केला.

चौथ्या दिवशी सांबराने सायलेन्सरमध्ये जुनी गोधडी कोंबली. इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. सगळीकडे शांतता. मग टाळ्या वाजल्या. इतिवृत्तात नोंद झाली की 'फट् हा आवाज पूर्णपणे थांबला असून थरथरही आढळली नाही.' अस्वलदादा म्हणाला, ट्रकपण थांबलाय. तो मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला.

इकडे तळ्याकडेही समितीचं लक्ष होतं. पाणी किती उरलं हे रोज कळावं म्हणून खंड्या पक्ष्याला पाणीमापक नेमलं होतं. खंड्या फांदीवर बसायचा, सूर मारून तळाला जायचा आणि वर यायचा. वर आला की त्याच्या चोचीत काहीतरी असायचं, त्यामुळे आकडा लगेच सांगता यायचा नाही. गिळून झाल्यावर तो म्हणायचा, "पाणी पुरेसं आहे. पण उद्या पुन्हा मोजावं लागेल." काम मन लावून करायचा. दिवसाला पंधरा-वीस वेळा मोजायचा.

सहाव्या दिवशी साळूबाई तळ्यावर गेली. पाणी इतकं उतरलं होतं की रोहूताईची पाठ उघडी पडली होती आणि तिच्यावर ऊन पडत होतं. सकाळी मोजलेली पिल्लं दुपारी जुळत नव्हती. मोठ्या माशांनी लहानांना पोटाखाली घेतलं होतं.

साळूबाईने तिला सगळं सांगितलं. बिघाड कुठे आहे, कसा झाला, चिटणीसांना किती वेळा सांगितलं. तीन वेळा, असं ती म्हणाली, आणि एकदा लेखी.

रोहूताईने ऐकून घेतलं. बोलायला तिला श्वास पुरत नव्हता, म्हणून ती मोजकंच बोलली.

"बाई, खरं सांगून झालं. आता त्यांना कळेल असं काहीतरी सांगा."

साळूबाई बराच वेळ काठावर बसली. ट्रकमधलं तिला सगळं कळत होतं. गव्याच्या डोक्यात काय असतं, ते तिने कधी उघडून पाहिलं नव्हतं. पण तिला एक गोष्ट आठवली. प्लगार्पणाच्या आधी ज्या चार बैठका झाल्या, त्यांत एकदाही प्लगवर कुणी बोललं नव्हतं. सगळे फक्त नंबरावर बोलत होते.

सातव्या दिवशी ती समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. चिटणीस म्हणाले की बिघाडाचा विषय आज नाही. ती म्हणाली, नसू दे. मानपानाची तक्रार आहे.

सहाही माना वर झाल्या.

"कुणाच्या मानाची?" गवासाहेबांनी विचारलं.

"तुमच्या, साहेब. पहिला प्लग कुणाचा?"

"माझा. बैठकीत ठरलंय."

"मग एका गाठीची वायर कुणाची?"

गवासाहेबांनी थोडा वेळ रवंथ केला. "एक नंबर माझा म्हणजे एक गाठही माझीच."

"ती आज सात दिवस चिटणीसांच्या प्लगवर आहे," साळूबाई म्हणाली. "आणि तुमच्या प्लगवर चार गाठींची."

तरसाला हसू येत होतं, पण त्याला नेहमीच येतं, म्हणून कुणी पाहिलं नाही.

"म्हणजे सात दिवस मी चौथा आहे?" गवासाहेब सावकाश म्हणाले.

"इंजिनाच्या लेखी, हो."

"आणि पहिला हा?"

कोल्हा उठून उभा राहिला. "पण साहेब, त्या दिवशी ती लाल वायर तर..." एवढं बोलून तो थांबला. कारण पुढचा शब्द 'तुम्ही' होता. आयुष्यात पहिल्यांदाच कोल्ह्याकडे वाक्य होतं आणि ते पुरं करायची सोय नव्हती. त्याने तेलकट वायरीचा विचार केला, चिटणीसपदाचा विचार केला, आणि मान खाली घातली.

"माझीच नजरचूक," तो म्हणाला. "साहेबांचा मान परत करतो."

मुलांनो, साळूबाई एक अक्षरही खोटं बोलली नव्हती. तीन वेळा आणि एकदा लेखी सांगितलेलं तेच तिने पाचव्यांदा सांगितलं. फक्त या खेपेला ते ट्रकबद्दल नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी मानपरतीचा सोहळा झाला. गवासाहेबांनी स्वतः फीत सोडली, स्वतः बॉनेट उघडलं आणि लाल वायर उपटून कोल्ह्याच्या पुढ्यात टाकली. मग त्यांनी तेलकट, काळपट, एका गाठीची वायर दोन्ही खुरांत धरली, डोळ्यांना लावली आणि आपल्या प्लगवर दाबली. टक् असा आवाज झाला. लाल वायर कोल्ह्याने आपल्या प्लगला लावली. तिचाही टक् झाला. साळूबाईने सायलेन्सरमधली गोधडी ओढून काढली आणि लांब नेली, कारण सांबर पुन्हा तिकडे बघत होतं.

अस्वलदादाने ट्रक सुरू केला. ट्रक थरथरला नाही. तो गुरगुरत उभा राहिला, पोट भरलेल्या म्हशीसारखा. टपावर चढलेल्या कोंबड्यांतली एक झोपीसुद्धा गेली.

"बघा," गवासाहेब म्हणाले. "मान जागच्या जागी आला की यंत्रालासुद्धा समजतं."

सगळ्यांना ते पटलं. रानडुक्कर म्हणाला की हवा नवी होती, म्हणून इतक्या लवकर गुण आला.

मासे पिंपांत भरले. तळ्यात आता पाणी कमी आणि चिखल जास्त होता. रोहूताईची दोनशेंपैकी एकशे चाळीस पिल्लं पिंपात आली. बाकीची मोजून झाली होती. खंड्याने आपला शेवटचा अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं की पाणी संपत आल्यामुळे मापन थांबवत आहोत, आणि पुढच्या वर्षी मापक दोन असावेत.

ट्रक सुईखिंड एका दमात चढला. गवासाहेब पुढे अस्वलदादाशेजारी बसले होते, समिती मागे पिंपांना टेकून. साळूबाई पायरीवर उभी राहून इंजिनाचा आवाज ऐकत होती. खिंडीच्या माथ्यावर तिने कान काढून घेतला. आता ऐकण्यासारखं काही नव्हतं.

नदी आली. आता फक्त पिंपं कलंडवायची होती. पण नदीकाठी आधीच एक दगड मांडलेला होता. त्यावर चढून गवासाहेबांनी भाषण सुरू केलं.

ते म्हणाले की आज आपण बारा मुद्द्यांवर बोलू. पहिला मुद्दा मानाचा. ऊन डोक्यावर होतं. पिंपं पत्र्याची होती. पिंपातलं पाणी आधी कोमट झालं, मग गरम. दुसऱ्या मुद्द्याला लहान पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. तिसऱ्या मुद्द्याला त्यातली काही आडवी झाली. अस्वलदादाने पिंपाला हात लावला तर चिटणीसांनी डोळे वटारले. भाषण चालू असताना पिंप कलंडवणं म्हणजे साहेबांच्या बोलण्यावर पाणी ओतणं. साळूबाई चिटणीसांच्या कानाशी लागली. चिटणीसांनी खिशातून पेढा काढला.

चौथा मुद्दा सुरू झाला. तेव्हा पिंपातून आवाज आला. चट्. चट्. चट्.

रोहूताई शेपटीने पाणी बडवत होती. तिचं पाहून बाकीचे मोठे मासे बडवू लागले, आणि मग ज्या पिल्लांत जीव होता तीही. सगळ्या पिंपांत मिळून असा कडकडाट सुरू झाला की नदीपलीकडच्या टिटव्या उडाल्या.

गवासाहेब थांबले. इतक्या टाळ्या त्यांना आजवर मिळाल्या नव्हत्या. त्यांनी मान लववली. टाळ्या थांबेनात. त्यांनी परत मान लववली. कोल्ह्याने पाहिलं की जनता टाळ्या वाजवतेय आणि समिती नुसती उभी आहे. हे बरं दिसत नव्हतं. तोही वाजवू लागला. मग तरस, सांबर, रानडुक्कर, मोर, सगळेच. टाळ्या इतका वेळ चालल्या की गवासाहेबांना वाटलं, आपलं भाषण झालं असावं. ते दगडावरून खाली उतरले.

अस्वलदादाने तेवढ्यात एकापाठोपाठ एक सगळी पिंपं नदीत कलंडवली.

रोहूताई तळाशी जाऊन, पाठ गार करून, पुन्हा वर आली. पिल्लं मोजली. मग तिने काठावरच्या गवासाहेबांकडे पाहिलं.

"फार छान बोललात, साहेब," ती म्हणाली. "थोडक्यात."

तात्पर्य:

मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण त्याआधी ते साहेबांच्या अंगाला बसेल असं शिवून घ्यावं. शिवायला वेळ नसेल, तर टाळ्या वाजवाव्यात. आणि टाळ्या वाजवायला हात नसतील, तर निदान शेपटी तरी असावी.